विंडोजच्या नेटवर्कात लिनक्स सर्व्हर अर्धा वेळ गायब, मदत हवी

भोसरीकर | शनिवार, सकाळी ९:५०

नमस्कार मंडळी. आमची भोसरी एमआयडीसीत छोटी कंपनी आहे, खाली प्रेस शॉप आणि वर ऑफिस, सगळी मिळून ६०-६५ विंडोज मशीन. डोमेन (सगळ्या मशीनचा एकत्र कारभार), डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा), डीएचसीपी (मशीनना आयपी वाटणारा) सगळं विंडोज सर्व्हरवर आणि ते बाहेरचा एक व्हेंडर बघतो. मी खरा मेन्टेनन्सचा माणूस, पण हौस म्हणून उबुंटू २२.०४ चा एक सर्व्हर उभा केलाय, मशीनचे काउंट गोळा करून डॅशबोर्डवर दाखवतो. दीड वर्ष झालं, कुणाची तक्रार नव्हती. ईएसएक्सआय होस्टवर (एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवतो तो) व्हीएम म्हणजे आभासी मशीन आहे, शेजारी व्हेंडरच्या विंडोजच्या व्हीएम.

गुरुवारी आमची सुट्टी, त्यात दिवसभर लाइट नव्हती, यूपीएस संपला आणि होस्ट बंद पडला. शुक्रवारी सकाळी आलो तर सगळं आपोआप चालू झालेलं. पण तेव्हापासून माझा सर्व्हर कधी पिंग होतो कधी नाही, एसएसएच (नेटवर्कावरून लॉगिन) मध्येच तुटतं, डॅशबोर्ड वरच्या मजल्यावर उघडतो तेव्हा शॉपमध्ये उघडत नाही आणि पंधरा मिनिटांनी उलटं. कन्सोलवरून (होस्टमधून थेट व्हीएमच्या स्क्रीनवर) बघितलं तर स्वारी मजेत, लिंक अप, आयपी तोच १९२.१६८.१०.४५, गेटवेला पिंग जातो पण मधूनच चार-सहा पॅकेट पडतात. लॉगमध्ये लाल काही नाही.

व्हेंडरला फोन केला तर म्हणे विंडोजच्या सगळ्या मशीन चालतायत म्हणजे नेटवर्क ओके, तुमच्या लिनक्सचा प्रॉब्लेम आहे. त्यात काल दुपारी लिहिलेली एक स्क्रिप्ट पण आज सापडत नाहीये, पण ते माझंच असेल, घाईत सेव्ह न करता खिडकी बंद केली असणार. सोमवारी दुपारी साहेबांचा रिव्ह्यू आहे आणि डॅशबोर्ड हाच त्यातला मुख्य विषय. कुठून सुरू करू?

वडापाव_२२ | ९:५८

केबल बदल.

भोसरीकर | १०:०४

व्हीएम आहे हो. होस्टची केबल एकच, तिच्यावरच व्हेंडरच्या व्हीएम सुखात नांदतायत.

वडापाव_२२ | १०:०५

मग रीस्टार्ट.

भोसरीकर | १०:०९

चार वेळा केला. रीस्टार्ट केला की थोडा वेळ एकदम छान चालतो, मग परत सुरू.

पेठेतला_पेंग्विन | १०:२०

डीएनएसचा लोच्या आहे शंभर टक्के. विंडोजचा डीएनएस लिनक्सला नीट उत्तर देत नाही हा माझा जुना अनुभव. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये नेमसर्व्हर म्हणून ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाक, दुसरा म्हणून ऑफिसवाला ठेव, विषय संपला.

आयटीतली_मावशी | १०:४१

पेंग्विनराव, प्लीज असा सल्ला देऊ नका, हे निस्तरायला मग आमच्यासारख्यांना रविवारी यावं लागतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (विंडोज डोमेन चालवणारी यंत्रणा) अख्खा डोलारा डीएनएसवर उभा असतो, डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे सुद्धा मशीन डीएनएसच्या एसआरव्ही रेकॉर्डवरूनच शोधतं. ८.८.८.८ ला तुमच्या ऑफिसातल्या फाइल सर्व्हरचं नाव कसं माहीत असणार? तो सरळ सांगणार असं नाव अस्तित्वातच नाही. आणि लिनक्स दुसऱ्या नेमसर्व्हरकडे कधी जातं, तर पहिला उत्तरच देत नसेल तेव्हा. पहिल्याने 'नाही' सांगितलं तर ते पण उत्तरच झालं, मग दुसऱ्याला कोणी विचारत नाही. दोन्ही एकत्र ठेवले की आज चालतं उद्या नाही असला खेळ सुरू होतो.

आणि मुळात भोसरीकर आयपीनेच पिंग करतायत ना? मग नावाचा संबंध येतोच कुठे?

पेठेतला_पेंग्विन | १०:४८

मी घरी पाच वर्षं असंच चालवतोय, काही झालं नाही.

आयटीतली_मावशी | १०:५२

घरी डोमेन आहे का?

पेठेतला_पेंग्विन | १०:५३

घरी बायको आहे, पॉलिसी तिथूनच पुश होतात.

भोसरीकर | ११:०२

:) हो मावशी, आयपीनेच करतोय. १०.४५ ला थेट.

निवृत्त_नेटवर्कवाला | ११:३०

भोसरीकर, तुमचं वाचून आमचे पिंपरीचे दिवस आठवले. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा काळी कोॲक्स केबल एका मशीनच्या पाठीतून दुसऱ्याच्या पाठीत अशी जायची, १०बेस२ म्हणत, एक तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर. यातलं एक टर्मिनेटर निघालं की एकट्या मशीनचं नाही, सगळ्या ओळीचं नेटवर्क झोपायचं. आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेपाचला नेटवर्क जायचं आणि सकाळी आपोआप यायचं. आठ दिवस मी नॉव्हेलच्या सर्व्हरवर संशय घेऊन बसलो, दोन कार्ड बदलली. शेवटी एका संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून बसलो तर झाडू मारायला येणाऱ्या मावशी टेबल पुढे ओढायच्या आणि टोकाचं टर्मिनेटर खाली पडायचं, सकाळी ऑपरेटर इमानेइतबारे ते परत लावायचा. त्याला वाटायचं हे रोज लावायचंच असतं.

सांगायचा मुद्दा, 'कधी चालतं कधी नाही' हे लक्षण असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डोकं घालायच्या आधी काय बदललं ते बघा. सेटिंग चुकलं असेल तर ते सहसा सतत चुकलेलं असतं. गुरुवारी काय बदललं?

भोसरीकर | ११:४४

काका भारी किस्सा. गुरुवारी फक्त लाइट गेली आणि आली. मी सर्व्हरला दोन आठवडे हात लावला नव्हता. व्हेंडर पण म्हणतो आम्ही काही केलं नाही.

वडापाव_२२ | ११:४५

'आम्ही काही केलं नाही' हे ऐकलं की मी आधी तिथेच बघतो.

डॉकरदादा | दुपारी १२:१५

सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का? डॉकर स्वतःसाठी १७२.१७ ची रेंज घेतो, कंपोजने अजून नेटवर्क केली की १७२.१८, १७२.१९ असा पुढे सरकतो. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्याचं नेटवर्क नेमकं १७२.१८ होतं. तिथून आलेली रिक्वेस्ट सर्व्हरला मिळायची पण उत्तर पाठवताना सर्व्हरला वाटायचं हा पत्ता माझ्या पोटातच आहे, आणि पॅकेट डॉकरच्या ब्रिजवर जाऊन मरायचं. एका मजल्याला दिसतो आणि दुसऱ्याला नाही, अगदी तुझ्यासारखंच. 'आयपी राउट' ची कमांड देऊन बघ.

भोसरीकर | १२:३१

डॉकर आहे, पण ऑफिस सगळं १९२.१६८.१० एकाच नेटवर्कमध्ये. राउट बघितले, धडकत नाहीत. आणि आमचा मजला फिक्स नाही ना, कधी वरचा कधी खालचा.

डॉकरदादा | १२:३३

मग आपला पास.

सिंहगड_रोड | १:१०

धागा हायजॅक करतोय, माफी. पण माझं पण विंडोज नेटवर्कातलंच दुखणं आहे. उबुंटू डेस्कटॉपवर छोटा सर्व्हर केलाय. एनएसलुकअप केलं की फाइल सर्व्हरचं नाव बरोबर आयपी देतं, आणि त्याच नावाला पिंग केलं की म्हणतं असं नाव माहीत नाही. एकाच मशीनवर, एकाच मिनिटात! डोळ्यांवर विश्वास बसत नाही. डोमेनचं नाव आमच्या कंपनीचं नाव डॉट लोकल असं आहे.

आयटीतली_मावशी | १:२६

शेवटच्या शब्दातच उत्तर आहे. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला जाऊन विचारतं. पिंग आणि बाकी सगळे प्रोग्रॅम सिस्टिमला विचारतात, आणि सिस्टिम कोणाकोणाला कुठल्या क्रमाने विचारायचं ते ईटीसीतल्या एनएसस्विच डॉट कॉन्फ या फाइलमध्ये वाचते. त्यात होस्ट्सच्या ओळीत एमडीएनएस४ मिनिमल आणि पुढे चौकटी कंसात 'नॉटफाउंड रिटर्न' असं दिसेल. म्हणजे काय, तर डॉट लोकलने संपणारं नाव आलं की आधी मल्टिकास्टवर (नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम) हाक मारायची, कोणी ओ दिली नाही तर तिथूनच परत फिरायचं, डीएनएसपर्यंत जायचंच नाही. डॉट लोकल हे २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय, पण त्याआधी कितीतरी ठिकाणी विंडोजची डोमेन याच नावाने उभी राहिली होती, आता ती कोण बदलणार.

तो चौकटी कंसातला तुकडा काढ किंवा डीएनएस हा शब्द त्याच्या आधी आण. मग सिस्टिमडी रिझॉल्व्हला (उबुंटूत नावं शोधतो तो) पण ते डोमेन सर्च डोमेन म्हणून सांग, कारण तो सुद्धा डॉट लोकल आपणहून डीएनएसकडे पाठवत नाही.

सिंहगड_रोड | १:४८

मावशी!!! चाललं. तीन महिने होस्ट्स फाइलमध्ये हाताने नावं लिहित होतो. मिसळ लागू.

वडापाव_२२ | १:५०

मिसळ कुठली ते आधी ठरवा, नाहीतर हा धागा ४०० प्रतिसादांवर जाईल.

पेठेतला_पेंग्विन | १:५५

म्हणजे डीएनएसचाच लोच्या होता. मी काय म्हणत होतो?

आयटीतली_मावशी | १:५७

दुसऱ्याच पेशंटला.

कोथरूडचा_कर्नल | २:४०

मूळ विषयावर. १) विंडोज मशीनची फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला बहुतेक वेळा उत्तर देत नाही, त्यामुळे सर्व्हरवरून पीसीला पिंग जात नाही यावरून काही सिद्ध होत नाही. उलट दिशेने तपासा. २) सर्व्हरला डीएचसीपी मुळात दिलाच का? सर्व्हर म्हटला की स्टॅटिक आयपी. आमच्याकडे डीएचसीपीवर सर्व्हर ठेवणाऱ्याला चहा बंद.

भोसरीकर | २:५८

व्हेंडर स्टॅटिक टाकू देत नाही, म्हणतो आमच्या स्कोपमध्ये (वाटायच्या आयपींच्या रेंजमध्ये) कोणी हाताने आकडे टाकायचे नाहीत, रिझर्वेशन (ठरावीक मशीनला ठरावीक आयपी) करून देतो. दीड वर्षापूर्वी मी मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) मेल केला, त्याचं 'डन' असं एका शब्दाचं उत्तर आलं, तेव्हापासून १०.४५ च मिळतोय.

कोथरूडचा_कर्नल | ३:०५

दुसरं कोणीतरी १०.४५ घेतलंय. आयपी कॉन्फ्लिक्ट. लक्षणं तीच सांगतायत. कोणीतरी प्रिंटर आणला असेल, साहेबांचा फोन असेल.

भोसरीकर | ३:२०

तेच वाटून व्हेंडरच्या मुलाला विचारलं. त्याने डीएचसीपीचा कन्सोल उघडून फोटो पाठवला. १०.४५ वर एकच लीज (मुदतीपुरता दिलेला आयपी), माझ्याच सर्व्हरच्या नावाने. कॉन्फ्लिक्ट असता तर बॅड ॲड्रेस अशी नोंद दिसली असती म्हणे, तशी एकही नाही. तो बिचारा खरंच बघतोय, त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आयटीतली_मावशी | ३:४५

भोसरीकर, एक विचारते. ती हरवलेली स्क्रिप्ट. काल दुपारी तू ती एसएसएचने लिहिलीस की कन्सोलवरून? आणि शुक्रवारपासून अजून काही विचित्र दिसलंय का, नेटवर्कशी संबंध नसलेलं? कोणी काही बडबडलं असेल, तू दुर्लक्ष केलं असशील.

भोसरीकर | ४:०२

एसएसएचने लिहिली. आज सकाळी कन्सोलवर शोधली, नाही.

विचित्र म्हणजे, अकाउंट्सच्या मॅडम काल म्हणत होत्या की डॅशबोर्डवर मे महिन्याचे आकडे दिसतायत. मी म्हटलं ब्राउझरची कॅश क्लिअर करा. त्यांनी केली, तासाभराने बरोबर दिसायला लागलं. आणि हो, मध्यंतरी बदललेला पासवर्ड एकदा चालला नाही, जुना टाकला तर आत गेलो. तेव्हा वाटलं बदललाच नसेल.

हे लिहिताना आता अंगावर काटा येतोय.

वडापाव_२२ | ४:०३

भूत.

निवृत्त_नेटवर्कवाला | ४:१०

भूत नव्हे, जुळा भाऊ. मावशी, तुम्ही म्हणताय तेच माझ्याही मनात आलं. भोसरीकर, एक साधी परीक्षा करा. कन्सोलवरून तुमच्या व्हीएमचं नेटवर्क अडॅप्टर डिसकनेक्ट करा. सर्व्हर चालू राहू दे, फक्त नेटवर्कातून काढा. मग कुठल्याही विंडोज मशीनवर एआरपीची यादी (कुठला आयपी कुठल्या मॅकचा ही नोंद) पुसून १०.४५ ला पिंग करा. सर्व्हर नेटवर्कातच नाही, तर उत्तर यायला नको.

भोसरीकर | ४:३१

आलं.

भोसरीकर | ४:३३

काका उत्तर आलं!! माझा अडॅप्टर काढलेला आहे आणि १०.४५ पिंगला उत्तर देतोय. एसएसएच केलं तर आत घेतलं, तेच नाव, तोच प्रॉम्प्ट, जुना पासवर्ड. आणि कालची स्क्रिप्ट तिथे आहे!!!

अर्धवट_अ‍ॅडमिन | ४:३८

आत्तापर्यंत नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. मे महिन्यात तू या व्हीएमची कॉपी केली होतीस का?

भोसरीकर | ४:४६

केली होती. डॅशबोर्डचं व्हर्जन बदलायच्या आधी सेफ्टी म्हणून. फोल्डर कॉपी करून नवीन व्हीएम म्हणून रजिस्टर केली, एकदा चालू करून बघितली, त्याने विचारलं मूव्ह केली की कॉपी केली, मी कॉपी म्हटलं, दोन मिनिटांत बंद करून टाकली आणि विसरलो. पण ती बंद होती! कोणी चालू केली?

अर्धवट_अ‍ॅडमिन | ४:५८

ते तू शोध, होस्टचं ऑटोस्टार्ट बघ. पण कोडं तिथे नाहीये, कोडं पुढे आहे. कॉपी केली असं सांगितलं तेव्हा ईएसएक्सआयने तिला नवा मॅक ॲड्रेस दिला. दोन वेगळे मॅक, मग डीएचसीपीने दोघांना एकच आयपी का दिला? आणि तुझं रिझर्वेशन मॅकवर आहे, मग कॉपीला ते लागू व्हायलाच नको.

याचं उत्तर उबुंटूच्या सवयीत आहे. १८.०४ पासून सर्व्हरवर नेटप्लॅन आणि त्याच्या खाली सिस्टिमडी नेटवर्कडी असतो. हा डीएचसीपीकडे स्वतःची ओळख सांगताना मॅक सांगत नाही, डीयूआयडी नावाचा लांबलचक आकडा सांगतो, आणि तो आकडा तयार होतो ईटीसीतल्या मशीन-आयडी फाइलवरून. व्हीएमची डिस्क कॉपी केली की मशीन-आयडी पण जशीच्या तशी कॉपी होते. म्हणजे विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरच्या दारात दोन माणसं आली आणि दोघांनी एकच आधार कार्ड दाखवलं. तो म्हणाला अरे तू होय, हा घे तुझा १०.४५. दोघांनाही. त्याच्या लेखी भांडण नाहीच, एकच गिऱ्हाईक दोनदा आलंय. म्हणून बॅड ॲड्रेस नाही, म्हणून लीज एकच.

मग पीसीवर काय होतं, तर १०.४५ कोण असं विचारलं की दोघं ओ देतात, ज्याचं उत्तर ज्या पीसीने धरलं तो पीसी थोडा वेळ त्याच्याकडे जातो. वर एक, खाली दुसरा. रीस्टार्टनंतर बरं वाटायचं कारण तुझा सर्व्हर उठल्यावर सगळ्यांशी बोलायला लागतो आणि बऱ्याच जणांच्या यादीत त्याचा मॅक ताजा होतो.

एसएसएचने ओरडून सांगायला हवं होतं की समोरचा बदललाय. पण होस्टच्या किल्ल्या पण डिस्कबरोबर कॉपी झाल्या ना. कुलूप तेच, किल्ली तीच, घर वेगळं.

आयटीतली_मावशी | ५:०६

अगदी हेच. आता मला त्याच्या व्हेंडरच्या फोटोबद्दल विचारायचंय. त्या लीजसमोर युनिक आयडीच्या रकान्यात काय आहे? मॅक असेल तर १२ अक्षरं असतील.

भोसरीकर | ५:१५

एफएफने सुरू होणारा भला मोठा आकडा आहे. मॅक नाहीच. आणि आत्ता नीट बघितलं तर रिझर्वेशनच्या यादीत माझा मॅक आहे, पण तो १०.२० ला! दीड वर्ष!

आयटीतली_मावशी | ५:२४

म्हणजे व्हेंडरने खरंच 'डन' केलं होतं, आणि तुझ्या सर्व्हरने ते एकदाही वापरलं नाही. डीएचसीपीला त्या मॅकचा माणूस कधी आलाच नाही. तू दीड वर्ष साध्या लीजवर नशिबाने १०.४५ ला बसलायस, विंडोजमध्ये लीज मुळात ८ दिवसांची असते, सर्व्हर कधी त्याहून जास्त बंद राहिला नाही म्हणून आकडा हलला नाही.

कोथरूडचा_कर्नल | ५:३०

स्टॅटिक.

आयटीतली_मावशी | ५:३३

कर्नल, नेटवर्क दुसऱ्याचं आहे. दुसऱ्याच्या वाड्यात राहायचं तर मालकाच्या वहीत नाव पाहिजे. स्टॅटिक टाकला आणि उद्या व्हेंडरने तोच आकडा कुणाला दिला की हाच धागा परत.

कोथरूडचा_कर्नल | ५:३५

वहीतल्या नावाने दीड वर्ष काय दिवे लावले ते दिसतंयच की. स्कोपच्या बाहेरचा आकडा मेलवर लेखी मागून घ्यायचा आणि ठोकायचा. मी माझं मत बदलत नाही.

पेठेतला_पेंग्विन | ५:४१

मला एवढंच कळलं की विंडोजवाल्यांनी मॅक मागितला आणि लिनक्सने भलतंच ओळखपत्र दाखवलं. म्हणजे चूक आमच्या पेंग्विनची? मान्य करायला जड जातंय.

अर्धवट_अ‍ॅडमिन | ५:५०

चूक कोणाचीच नाही रे. डीएचसीपीच्या नियमात क्लायंट आपली ओळख काहीही पाठवू शकतो. बहुतेक लोक मॅक पाठवत आले म्हणून सगळ्यांना तोच नियम वाटायला लागला.

भोसरीकर, आता उपाय. आधी जुळ्याला बंद कर. मग खऱ्या सर्व्हरच्या नेटप्लॅन फाइलमध्ये डीएचसीपी४ च्या खाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' आणि समोर 'मॅक' अशी ओळ टाक, स्पेसचं इंडेंटेशन जप, टॅब टाकलास तर नेटप्लॅन रुसतो. एसएसएचवरून करू नको, कन्सोलवरून कर, कारण लागू केल्यावर आयपी बदलणार.

भोसरीकर | ६:२०

केलं. १०.२० मिळाला! पंधरा मिनिटं पिंग लावून ठेवलाय, एक पॅकेट पडलं नाही.

आणि आता कोणाचाच डॅशबोर्ड उघडत नाही :)

वडापाव_२२ | ६:२१

प्रगती आहे. आधी अर्ध्यांचा उघडत नव्हता.

भोसरीकर | ६:२४

सगळ्यांच्या बुकमार्कमध्ये १०.४५ लिहिलेला आहे, मशीनच्या काउंटर बोर्डांमध्ये पण. सोमवारी रिव्ह्यू. ६५ पीसी फिरत बसू?

आयटीतली_मावशी | ६:३७

फिरू नकोस. व्हेंडरला सांग रिझर्वेशनच १०.४५ ला हलव, पाच मिनिटांचं काम आहे. जुनी लीज अजून त्या एफएफवाल्या आकड्याच्या नावाने पडली असेल, ती आधी डिलीट करायला सांग. आणि लगे हात डीएनएसमध्ये एक ए रेकॉर्ड (नाव आणि त्याचा आयपी अशी नोंद) मागून घे. विंडोजच्या मशीन आपलं नाव स्वतः डीएनएसमध्ये नोंदवतात, तुझं लिनक्स डोमेनमध्ये जोडलेलं नसेल आणि झोनवर फक्त सिक्युअर अपडेट चालत असतील तर त्याला कोणी नाव लावू देत नाही. ते हातानेच घालावं लागतं. नाव १५ अक्षरांच्या आत ठेव, नेटबायॉसची जुनी मर्यादा आहे. मग पुढच्या वेळी आकडा बदलला तरी लोकांच्या बुकमार्कला धक्का नाही.

सिंहगड_रोड | ६:४५

आणि डोमेन डॉट लोकल असेल तर दुपारचा प्रतिसाद बघ. आता मी पण तज्ज्ञ झालोय.

पेठेतला_पेंग्विन | ६:५२

अवांतर: हे लिनक्सवरून विंडोजचे शेअर उघडायचं सांबा म्हणतात त्याचा सांबाराशी काही संबंध? गंभीरपणे विचारतोय, भूक लागलीय.

निवृत्त_नेटवर्कवाला | ७:१५

नाही. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलला एसएमबी म्हणतात. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९१-९२ च्या सुमारास हे काम सुरू केलं, आणि नाव शोधताना शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द काढले. त्यातलं हे आवडलं. ग्नूनिफायला (पुण्यातलं मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन) आतुर सेंटरमध्ये पोरांना हा किस्सा सांगितला की ती हमखास हसायची.

भोसरीकर | सोमवार, दुपारी १२:४०

अपडेट द्यायला आलो. व्हेंडरचा मुलगा सकाळी साडेआठलाच आला. रिझर्वेशन १०.४५ ला हलवलं, जुनी लीज काढली, ए रेकॉर्ड घातला. त्याला एफएफवाला आकडा दाखवला तर म्हणाला असे अजून दोन आहेत आमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, आम्हाला वाटायचं डीएचसीपीचा डेटा खराब झालाय.

जुळा कसा उठला ते पण कळलं. एप्रिलमध्ये लाइट गेल्यावर माझा सर्व्हर आपोआप चालू झाला नव्हता म्हणून मी व्हेंडरवर जाम चिडलो होतो, साहेबांना सीसीत टाकून मेल केला होता. गेल्या आठवड्यात त्यांनी वेळ काढून होस्टवर जेवढ्या व्हीएम दिसल्या तेवढ्या सगळ्या ऑटोस्टार्टला टाकल्या. त्यात माझी मे महिन्याची कॉपी पण गेली. त्यानंतर होस्ट बंद पडून उठला तो या गुरुवारीच पहिल्यांदा. म्हणजे त्यांनी माझंच काम केलं होतं. त्या मुलाला चहा पाजला, मेलचा विषय त्याने काढला नाही आणि मी पण नाही.

निवृत्त_नेटवर्कवाला | १२:५५

तुमचंही टर्मिनेटर रोज कोणीतरी इमानेइतबारे लावत होतं म्हणायचं.

आयटीतली_मावशी | १:०५

जुळ्याचं काय केलंस?

भोसरीकर | १:०८

बंद आहे, ऑटोस्टार्टमधून काढला. डिलीट नाही केला, शुक्रवारची स्क्रिप्ट त्याच्यावरच आहे आणि रिव्ह्यूला ती लागणार. आत्ता चालू करून काढून घेतो.

अर्धवट_अ‍ॅडमिन | १:०९

थांब!! आधी त्याचं नेटवर्क अडॅप्टर डिसकनेक्ट कर, मग चालू कर. कन्सोलवरून स्क्रिप्ट वाच, ४० ओळी असतील तर हाताने टाइप कर. नंतर ठेवायचाच असेल तर मशीन-आयडी रिकामी करून नवी बनव आणि एसएसएचच्या होस्ट किल्ल्या पण नव्या कर.

भोसरीकर | १:२६

अडॅप्टर काढूनच चालू केला. स्क्रिप्ट मिळाली, २३ ओळी, फोनने स्क्रीनचा फोटो काढला आणि आता त्यावरून टाइप करतोय. अकाउंट्सच्या मॅडमना जुलैचेच आकडे दिसतायत, फोन करून खात्री केली. कॅश क्लिअर करा म्हटल्याबद्दल सॉरी पण म्हटलं.

पेठेतला_पेंग्विन | १:३०

पण ८.८.८.८ टाकून एकदा बघायला काय हरकत होती?